चव्वेचाळीस नंबरचा पूल

शशिकांतराव रिसबुडांनी ग्रोसरीच्या दुकानासमोरच्या पिवळ्या खांबाला गाडी घासली, ही गोष्ट खरी आहे. मात्र तो खांब आदल्या आठवड्यात तिथे नव्हता, हे त्यांचं म्हणणं कोणी नीट ऐकून घेतलं नाही. शेजारच्या अरविंद देवांनी तर चेपलेल्या दाराचा फोटो काढून एडमंटनच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तोही निव्वळ लोकशिक्षणाच्या हेतूने, 'ज्येष्ठांनी पार्किंगमध्ये काळजी घ्यावी' अशा मथळ्याखाली. तिथून तो देशाच्या पार पूर्वेला, ओकव्हिलला, शशिकांतरावांचा मुलगा ऋषी याच्याकडे पोचायला सात मिनिटं लागली.

"बाबा, यू आर टर्निंग सेव्हंटी-फाइव्ह," ऋषी रविवारच्या व्हिडिओ कॉलवर म्हणाला. "मेबी इट्स टाइम टु गिव्ह अप द कीज."

"खांब त्यांनी मधोमध आणून लावलाय. त्याला विचार."

"बाबा, आय कान्ट टॉक टु अ पोल."

पंचाहत्तरीचा मुद्दा नाजूक होता. अल्बर्टात पंचाहत्तरी गाठणाऱ्या माणसाला लायसन्स पुढे चालू ठेवायला डॉक्टरचा फॉर्म द्यावा लागतो. शशिकांतरावांनी तो फॉर्म आणला, घरच्या डॉक्टरकडे नेला. डॉक्टरने गुडघे, रक्तदाब, छाती सगळं तपासून सह्या केल्या आणि डोळ्यांचा रकाना मोकळा सोडला, कारण तो डोळ्यांच्या डॉक्टरने भरायचा होता. डोळ्यांच्या डॉक्टरच्या रिसेप्शनिस्टने नोव्हेंबरची तारीख दिली. तेव्हापासून तो अर्धा भरलेला फॉर्म फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लोंबत होता आणि दूध काढायला गेलं की शशिकांतरावांकडे बघत होता.

किल्ली जाणं म्हणजे काय, हे घरातल्या दोघांनाही माहीत होतं. जयंतीबाईंकडे लायसन्स होतं, पण त्या गाडी काढत ते उन्हाळ्यात, लायब्ररीपर्यंत, तेही डावीकडे वळावं लागणार नाही अशा रस्त्याने. एलआरटीचं, म्हणजे शहरी रेल्वेचं, स्टेशन घरापासून चार किलोमीटर. शशिकांतरावांची किल्ली गेली की ऑक्टोबर ते एप्रिल दोघं खिडकीशी बसणार, आणि फार तर दोन हिवाळ्यांनंतर घर विकून ऋषीच्या बेसमेंटमध्ये राहायला जाणार. ऋषीने त्या बेसमेंटमध्ये वॉशरूम बांधून घेतलीसुद्धा होती. त्या वॉशरूमचे फोटो त्याने फार प्रेमाने पाठवले होते, आणि ते पाहून शशिकांतराव दोन दिवस जेवले नव्हते.

तेव्हा रागाच्या भरात ते म्हणाले, "मी अलास्का हायवेने युकॉनला जाऊन येतो. हिला घेऊन. मग बोल."

एखाद्या समजूतदार मुलाने इथे माघार घेतली असती. पण ऋषीही रिसबूडच. तो म्हणाला, "फाइन. वन स्क्रॅच, वन इन्सिडेंट, अँड यू हँड ओव्हर द कीज. आई विल टेल अस द ट्रुथ."

ही अट घातक होती. जयंतीबाई खोटं बोलत नसत. अमेरिकेच्या सीमेवर अधिकाऱ्याने 'खाण्याचं काही आहे का' असं सवयीने विचारलं, तेव्हा त्यांनी लोणच्याच्या सातही बरण्यांची नावं, घटकद्रव्यांसकट, सांगितली होती. त्या दिवशी रिसबूड मंडळी सीमेवर साडेतीन तास होती.

युकॉनच का, याचंही कारण होतं. शशिकांतरावांनी प्रांताच्या रस्ते खात्यात एकतीस वर्षं पुलांची तपासणी केली होती. दक्षिण अल्बर्टात असा पूल नव्हता की ज्याच्या पोटाखाली ते उताणे पडले नव्हते. १९४२ साली अमेरिकन लष्कराने आठ महिन्यांत अलास्का हायवे काढला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण त्याला फुटलेल्या, लढाईपुरत्या काढलेल्या आणि लढाई संपताच टाकून दिलेल्या वाटा कोणाला ठाऊक नसतात. तसल्या एका वाटेवरच्या चव्वेचाळीस नंबरच्या पुलाचं ड्रॉइंग शशिकांतरावांना खात्याच्या जुन्या कपाटात सापडलं होतं. नुसता लाकडाचा पूल, नऊ दिवसांत उभा केलेला, उणे तीस तपमानात. बांधणारे बरेचसे सैनिक अमेरिकेच्या दक्षिणेतले काळे लोक होते, ज्यांनी आयुष्यात बर्फ पाहिलं नव्हतं. तो पूल डोळ्यांनी पाहायचा असं शशिकांतराव बावीस वर्षं म्हणत होते.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघायचं ठरलं आणि सल्ल्यांना ऊत आला. अरविंद देवांनी दोन जादा टायर, अस्वलाला मारायचा फवारा आणि एक शिट्टी आणून दिली. शिट्टी अस्वलासाठी की माणसांसाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांची बायको छाया जयंतीबाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, त्या बाजूला लोकांना काही काही दिसतं म्हणे. रामरक्षा म्हणत जा." जयंतीबाईंनी रामरक्षेच्या जोडीला बेसनाचे लाडू, भाजणी, मेतकूट आणि शिऱ्याचं सामान घेतलं.

पहिले दोन दिवस काही म्हणजे काही झालं नाही, आणि शशिकांतरावांना त्याचा इतका अभिमान वाटला की ते प्रत्येक पेट्रोल पंपावर गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून जयंतीबाईंना साक्षीला बोलावत. फोर्ट नेल्सन मागे पडलं. तिथून पुढे धुकं लागलं. तसं यंदा वणव्यांच्या धुराने एडमंटनमध्येही उन्हाळाभर सगळं पुसटच दिसत होतं, पण हे धुकं वेगळं होतं, पांढरं आणि दाट. झाडं आधी नसत आणि मग एकदम असत. समोरच्या ट्रकचे दिवे फुटल्यासारखे पसरत. शशिकांतराव काचेवर पाणी मारत, वायपर फिरवत आणि पन्नासच्या वेगाने जात. जयंतीबाई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या. मधूनच त्या "सावकाश चालवता आहात ते बरंय" एवढंच म्हणत, आणि शशिकांतरावांना ते शिफारसपत्र वाटे.

जुन्या वाटेच्या तोंडाशी एक लॉज होता. तो चालवणारी डोना नावाची साठीची बाई एकटीच होती. तिने नकाशा उलटा करून त्यावर पेनने एक फुली मारली.

"नोबडीज बीन अप देअर सिन्स द रेन्स," ती म्हणाली. "ट्वेंटी किलोमीटर्स, यू विल सी द ओल्ड कॅम्प. वन केबिन इज स्टिल गुड. टेक व्हॉट यू नीड, लीव्ह व्हॉट यू कॅन."

"म्हणजे काय?" जयंतीबाईंनी विचारलं.

"म्हणजे कोणाची लाकडं जाळलीस तर काहीतरी ठेवून ये," शशिकांतरावांनी भाषांतर केलं. "रानातली पद्धत आहे."

"आपलीच पद्धत आहे," जयंतीबाई म्हणाल्या.

वाट खडीची होती. दुतर्फा काटकुळी झाडं आणि मध्ये गवत उगवलेलं. जयंतीबाईंच्या फोनचा सिग्नल गेला, मग गाडीतला नकाशा गेला. त्याच्या पडद्यावर त्यांची गाडी एका मोकळ्या करड्या चौकोनात तरंगत राहिली. रेडिओ बंद होता, तरी शशिकांतरावांनी तो दोनदा बंद केला.

दुपारी एकच्या सुमाराला कॅम्प आला. आदल्या रात्री बोटभर बर्फ पडलं होतं आणि त्याखालून लष्करी ट्रकांचे गंजलेले टप डोकावत होते. वीस-पंचवीस ट्रक, एका ओळीत, तोंडं सगळ्यांची उत्तरेला. ऐंशी वर्षांपूर्वी कोणीतरी ते शिस्तीत लावून किल्ल्या काढून घेऊन गेलं होतं. एका ट्रकच्या इंजिनातून बर्चचं झाड उगवून पार वर गेलं होतं. वारा अजिबात नव्हता, आणि तरी एका ट्रकचं दार हळूच हललं. शशिकांतराव म्हणाले की, लोखंड तापलं की प्रसरण पावतं. तपमान शून्याखाली तीन होतं.

केबिनमध्ये मात्र सगळं टापटीप होतं. शेगडी, टेबल, दोन बाकं आणि भिंतीशी रचलेली, नुकतीच फोडलेली लाकडं. त्यांना अजून ओला वास येत होता. शशिकांतरावांनी शेगडी पेटवली, जयंतीबाईंनी आल्याचा चहा केला, आणि दोघांना एकदम फार बरं वाटलं. चहा पिऊन झाल्यावर जयंतीबाईंनी लाडवांचा स्टीलचा डबा टेबलावर ठेवला.

"सगळा?" शशिकांतरावांनी विचारलं. बेसनाच्या लाडवांपुरते ते फार उदार नव्हते.

"कोणाची तरी मेहनतीची लाकडं जाळली आपण. दोन लाडू काय मांडून ठेवायचे? जाताना डबा घेऊ."

त्या डब्याबद्दल सांगायला हवं. तो जयंतीबाईंच्या आईने रुखवतात दिलेला. झाकणावर टिंब टिंब ठोकून 'सौ. जयंती शशिकांत रिसबूड, ११.५.७८' असं नाव घातलेलं. तो डबा पुण्याहून एडमंटनला आला, तीन घरं फिरला, ऋषीच्या शाळेत गेला आणि दर वेळी परत आला. अरविंद देवांकडे एकदा तो तीन महिने अडकला होता, तेव्हा जयंतीबाई स्वतः जाऊन चिवड्यासकट घेऊन आल्या होत्या.

दोघं ट्रक बघायला बाहेर पडले. शशिकांतरावांनी तासभर चासी, ॲक्सल आणि युद्धकाळातलं पोलाद या विषयांवर माहिती दिली. परत आले तेव्हा केबिनच्या पायरीवर एक डबा होता, पण तो त्यांचा नव्हता.

तो लष्करी डबा होता, लांबट, दुमडत्या दांड्याचा, जसा शिपाई जेवणाच्या रांगेत धरतात तसा. लख्ख घासलेला. आत क्रॅनबेरीसारखी लाल रानबोरं काठोकाठ भरलेली. झाकणावर खिळ्याने टिंब टिंब ठोकून इंग्रजी अक्षरं काढलेली: ई. टी., आणि खाली ४३.

जयंतीबाई कौतुकाने त्या टिंबांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "नाव घालून घेतलंय बघा. कोणीतरी वळणाचं माणूस आहे."

"शिकारी असणार. लष्कराचा जुना माल स्वस्तात मिळतो."

"गाडी कुठंय त्याची?"

शशिकांतरावांनी पायरीसमोरचं बर्फ पाहिलं. त्यांचे दोघांचे जाण्यायेण्याचे ठसे होते. तिसऱ्या माणसाचे नव्हते. पुलांच्या तपासणीत एक नियम असतो, की जे दिसत नाही ते 'आढळले नाही' असं लिहायचं, 'नाही' असं लिहायचं नाही. शशिकांतराव मनात 'आढळले नाही' असं म्हणाले आणि त्यांनी खिशातली किल्ली चाचपली.

"चल, निघू. पूल बघून उजेडात परत यायचंय."

"आणि माझा डबा?"

"जयंती, एक डबा."

"आईचा आहे. शिवाय त्यांचा डबा आपल्याकडे आलाय. तो काय असाच रिकामा ठेवून जायचा?"

त्या स्वरापुढे काही चालत नाही, हे शशिकांतराव सत्तेचाळीस वर्षांच्या अनुभवाने जाणत होते. जयंतीबाईंनी बोरं पिशवीत काढून घेतली आणि शेगडीवर शिरा करायला घेतला. जगाच्या एका टोकाला, मोडक्या लष्करी तळावर, वेलदोड्याचा वास सुटला. शशिकांतराव दाराशी उभे राहून धुक्यात बघत होते. धुक्यात कोणीतरी उभं असल्यासारखं त्यांना सारखं वाटे. नीट पाहिलं की झाड असे, आणि नजर काढली की पुन्हा कोणीतरी.

शिरा लष्करी डब्यात भरला, पायरीवर ठेवला. दोघं गाडीत बसून वाट पाहू लागले. अर्धा तास कोणी आलं नाही.

"आपण बघतोय म्हणून येत नसेल," जयंतीबाई म्हणाल्या. "लाजतात काही लोक. तोंड फिरवा."

पंचाहत्तरीला टेकलेले, सरकारी नोकरीतून सन्मानाने निवृत्त झालेले शशिकांतराव, बायकोच्या शेजारी बसून, कोणालातरी शिरा खाताना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून पाच मिनिटं झाडांकडे तोंड करून बसले. ही हकिगत अरविंद देवांना कधीही कळता कामा नये, असं त्यांनी त्याच वेळी ठरवलं.

परत पाहिलं तेव्हा डबा पायरीवरच होता, पण झाकण नीट लावलेलं होतं. शशिकांतरावांनी उघडला. शिरा नव्हता. डबा धुतलेला, कोरडा, आणि आत एक खिळा. वीतभर लांब, बोटाएवढा जाड, चौकोनी डोक्याचा. असे खिळे पुलाच्या तुळया एकमेकींना जखडायला वापरत. शशिकांतरावांनी ते ड्रॉइंगमध्ये पाहिले होते, आणि गेली सत्तर वर्षं ते कोणी बनवत नाही हे त्यांना ठाऊक होतं. या खिळ्यावर गंजाचा ठिपका नव्हता. पण तो मधोमध वाकला होता, जड काहीतरी ओढून निसटावं तसा.

"हे काय दिलं?" जयंतीबाईंनी विचारलं.

"पुलाचा खिळा," शशिकांतराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "कोणीतरी चेष्टा करतंय."

"शिरा खाऊन चेष्टा कोण करेल?"

डबा सापडल्याशिवाय जयंतीबाई हलायला तयार नव्हत्या आणि पूल पाहिल्याशिवाय शशिकांतराव परत जायला तयार नव्हते. बाकीच्या बाबतीत संसार कसा चालतो कोण जाणे, रिसबुडांचा अशा वेळी उतारावर सोडलेल्या गाडीसारखा आपोआप पुढे जातो. पूल तिथून तीन किलोमीटरवर. तो बघायचा, आणि येताना पुन्हा केबिनशी थांबायचं असं ठरलं. लष्करी डबा जयंतीबाईंनी बरोबर गाडीत घेतला.

धुकं आता फारच वाढलं होतं. शशिकांतराव स्टिअरिंगवर वाकून, नाक काचेला लावून चालवत होते. मनातून त्यांना भीती वाटत होती, पण आनंदही होत होता. बावीस वर्षांनी ते त्या पुलाशी येत होते, गाडीवर नवा ओरखडा नव्हता, आणि किल्ली त्यांच्या हातात होती. रस्ता उतरत गेला. खालून नदीचा आवाज यायला लागला. पुलाची सुरुवात आता आलीच पाहिजे, असा हिशेब करून त्यांनी ॲक्सिलरेटरवर किंचित पाय दिला.

"थांबा," जयंतीबाई शांतपणे म्हणाल्या. "तो माणूस हात करतोय."

रस्ते खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत: रस्त्यावर हात केलेल्या माणसाला नाव विचारायचं नसतं, आणि त्याच्यासाठी थांबायचं असतं. शशिकांतरावांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. गाडी खडीत थोडी सरकली आणि थांबली.

"कुठला माणूस?"

जयंतीबाई केव्हाच दार उघडून उतरल्या होत्या. शशिकांतरावही उतरले. गाडीच्या पुढे दहा पावलांवर, रस्त्याच्या मधोमध, स्टीलचा डबा ठेवला होता. जयंतीबाईंनी तो उचलून झाकणावरचं नाव वाचलं, उघडून पाहिला.

"रिकामाच दिलाय," त्या म्हणाल्या. "घाईत असणार बिचारा."

डब्यापुढे दोन पावलांवर रस्ता संपत होता. फळ्यांची मोडकी टोकं पुढे आली होती, आणि त्यांच्या खाली बऱ्याच खोलवर पाणी आपटत होतं. पूल नव्हता. एका बाजूला खड्ड्यात 'रस्ता बंद' अशी पाटी उपडी पडली होती. पावसाच्या पुराने पुलाचा मधला भाग नेला होता आणि जाता जाता पाटीलाही आडवं केलं होतं.

 शशिकांतराव गाडीच्या बॉनेटला टेकून उभे राहिले.

"या धुक्यात कोणाला दिसणार होतं," ते म्हणाले.

जयंतीबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग नदीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. "कसलं धुकं?"

"कसलं म्हणजे? दोन दिवस चालवतोय मी या धुक्यात."

"अहो, ऊन आहे," जयंतीबाई म्हणाल्या. "स्वच्छ ऊन आहे. पलीकडे डोंगर आहे, त्याच्यावर बर्फ आहे, ते चमकतंय."

शशिकांतरावांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. समोर सगळं पांढरं होतं. डोंगर नव्हता. आढळत नव्हता. मग उन्हाळाभराचा धूर, फुटल्यासारखे पसरणारे ट्रकचे दिवे आणि आदल्या आठवड्यात नसलेला पिवळा खांब, हे सगळं एकामागून एक त्यांच्यापुढे येऊन उभं राहिलं, आणि त्यांना इतकी लाज वाटली की भीती वाटायची राहूनच गेली. सव्वीस मीटरचा पूल समोर नव्हता आणि पुलांच्या माणसाला ते दिसलं नव्हतं. शेजारी जयंती बसली होती. तिला घेऊन ते खाली गेले असते.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "आणि तो माणूस?"

"तो काय, पलीकडच्या काठावर उभा आहे. उंच आहे. अंगात लष्करी कोट आहे, पण थंडीचा नाही. हातमोजे नाहीत हो त्याच्याकडे." त्यांनी आवाज उंच करून पलीकडे "थँक यू" म्हटलं. मग त्यांनी शशिकांतरावांच्या हातातले नवे लोकरी हातमोजे ओढून काढले, लष्करी डबा रिकामा परत जाऊ नये म्हणून तो गाडीतून काढून त्यात घातले, आणि तो डबा फळीच्या टोकाशी ठेवून दिला. शशिकांतराव त्या काठाकडे बघत राहिले. त्यांना पांढऱ्याशिवाय काहीच दिसत नव्हतं. तिथे कोणी नाही असं ते शपथेवर सांगू शकले नसते, आणि त्यांच्या शपथेला आता काय अर्थ होता, हाही प्रश्नच होता.

लॉजपर्यंतची वाट त्यांनी जयंतीबाईंच्या सांगण्यावर कापली. "थोडं डावीकडे. पुढे खड्डा. आता सरळ." तेवीस किलोमीटरला दोन तास लागले. लॉजमध्ये जयंतीबाईंनी डोनाला सगळं सांगितलं, माणसाच्या कोटासकट. डोनाने पूल गेल्याचं फोन करून कळवलं, दोघांपुढे कॉफी ठेवली आणि विचारलं, "ग्लव्ह्ज?"

"नव्हते," जयंतीबाई म्हणाल्या.

"नो," डोना म्हणाली. "दे नेव्हर डू." मग ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

संध्याकाळी सहा वाजता लॉजच्या वायफायवर ऋषी दिसला. तो आधी हसला, कारण आई-बाप जिवंत होते. मग म्हणाला, "सो? एनी स्क्रॅचेस? आई?"

"एकही नाही," जयंतीबाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

"एनी इन्सिडेंट?"

जयंतीबाई गप्प बसल्या. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असा निकाल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःपुरता दिला असावा. त्यांनी फोन शशिकांतरावांकडे सरकवला आणि त्या बोरं निवडायला लागल्या. शशिकांतरावांना कळलं की किल्ली आपल्याकडे राहू शकते. फक्त 'छे' म्हणायचं होतं.

"ऋषी," ते म्हणाले, "पुढे पूल नव्हता. मला दिसलं नाही."

"व्हॉट डू यू मीन, यू डिडन्ट सी?"

"धुकं आहे असं वाटत होतं. नव्हतं. डोळ्यांत आहे ते. तुझ्या आईने थांबवलं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किल्ली उद्यापासून तिच्याकडे. माझी नोव्हेंबरची अपॉइंटमेंट लवकर मिळते का बघ. मला त्या रिसेप्शनिस्टशी बोलता येत नाही."

ऋषी स्क्रीनच्या जवळ सरकला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा त्याचा मुळीच नव्हता. "बाबा, इट्स प्रॉबब्ली जस्ट कॅटरॅक्ट," तो हळूच म्हणाला. "दे कॅन फिक्स इट. यू माइट ड्राइव्ह अगेन बाय स्प्रिंग." मग त्याला काहीतरी सुचलं. "वेट. आई, हाउ डिड यू सी इट?"

"पूल नाही हे मीसुद्धा पाहिलं नव्हतं," सत्यवचनी जयंतीबाई म्हणाल्या. "त्या माणसाने हात केला."

"व्हॉट मॅन?"

इथे वायफाय गेलं. उत्तरेतलं वायफाय केव्हा जाईल ते सांगता येत नाही, पण कधी कधी त्याला फार समज असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शशिकांतरावांनी किल्ली बायकोच्या तळहातावर ठेवली आणि ते वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले. सत्तेचाळीस वर्षांत त्या बाजूने ते कधी बसले नव्हते. पट्टा त्यांना सापडेना. जयंतीबाईंनी सीट पुढे ओढली, आरसा खाली केला, रामरक्षेची सुरुवात केली आणि गाडी हायवेवर घेतली. लायब्ररीच्या पलीकडे कधी न गेलेल्या त्या बाई दीड हजार किलोमीटरच्या रस्त्याला लागल्या, साठच्या वेगाने, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून. मागे ट्रकांची रांग लागली. शशिकांतरावांना त्या रांगेची लाज वाटली, आणि थोड्या वेळाने वाटेनाशी झाली.

त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. पांढरं, आणि त्यात मधूनमधून झाडाची काळी रेघ. म्हणून ते बायकोकडेच बघत होते. अकरा वाजायच्या सुमाराला त्यांच्या लक्षात आलं की, वळण आलं की जयंतीबाई वेग कमी करतात आणि उजवा हात चाकावरून जरासा उचलून मान डोलावतात, ओळखीच्या माणसाला करावी तशी. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. नदीजवळच्या सरळ रस्त्यावर तर त्या किलोमीटरभर मान डोलावत होत्या. समोरून एकही गाडी आली नव्हती.

शशिकांतरावांनी विचारायचं नाही असं ठरवलं होतं. साधारण शंभर किलोमीटर त्यांनी तो निश्चय पाळला.

"कितीजण आहेत?" शेवटी ते म्हणाले.

"बरेच आहेत," जयंतीबाई रस्त्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "काम चालू आहे त्यांचं. हळू जायला सांगतायत."